पुलाच्या अलीकडचं गाव

भादव्यात कपाशी फुलावर आली की माझ्या उजव्या अंगठ्याचं नख हुळहुळायला लागतं. आता त्या नखाला काही काम उरलेलं नाही. मोताळ्याकडच्या आमच्या शेतात मी निंदते, खत टाकते, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचते. कळ्या सोलणं सुटून वीस वर्षं होऊन गेली. तरी सकाळी दव असताना ओळींमधल्या तासात शिरलं आणि ती लोण्याच्या रंगाची फुलं दिसली, की नख जागं होतं. कपाशीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं तेव्हा फिकं पिवळं, दिवस कलताना त्याला लाली चढते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. त्याच्याकडून काही घ्यायचं तर पहिल्या सकाळीच घ्यावं लागतं. मी दहा वर्षांची असताना हे शिकले, आणि ते शिकण्यासाठी दुसरं शिकणं सोडलं.

यंदाही फुलं आली. रविवार होता. माझी मुलगी समीक्षा बांधावरच्या निंबाखाली मोबाइल घेऊन बसली होती. ती आठवीत आहे. तिला निंदायला बोलावलं की तिचा अभ्यास असतो, आणि अभ्यासाला बसवलं की तिला मोबाइल लागतो. मी वाकून गवत उपटत होते. मागून एक सूर आला.

बारीक, उंच, पत्र्यावर थेंब पडावेत तसा. चार सूर खाली उतरायचे, पुन्हा चढायचे, पुन्हा उतरायचे, आणि त्यांच्या मागे एक पाचवा सूर, जरासा चुकलेला, कोणी दुरून हाक मारावी आणि त्याला आपलं नाव नीट ठाऊक नसावं तसा.

माझ्या हातातलं गवत हातातच राहिलं.

"समे, काय लावलं ते?"

"काही नाही वं आई. गेममधल्या एका गावाची माहिती आहे. लय भुताटकीचं गाव आहे म्हणते."

मी सरीतून बाहेर आले. तिच्या मोबाइलवर ते गाव होतं. आता रंगीत होतं, पण तेच. सात घरं, प्रत्येक घराच्या खिडकीत दिवा आणि खिडकीत माणूस नाही. मधोमध उंच मनोरा. मनोऱ्यात घंटा, एकेका मेलेल्या माणसाची एकेक. आणि खालच्या अंगाला नदीवरचा पूल.

"आता तो दिवेवाला येईल," मी म्हणाले. "डाव्या बाजूनं."

आला. समीक्षाने मान वर केली. "तुले कसं माहीत?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. जी मुलगी माझ्या अंगठ्याशिवाय माझा मोबाइल उघडते, तिला मी काय सांगणार होते? सांगितलं कसंबसं, की लहानपणी आमच्या घरी हा गेम होता. तिने मोबाइल मांडीवर ठेवला आणि मला नव्याने पाहिलं. "आई! तू गेम खेळायची?"

खेळायची. एक हंगाम.

त्या साली माझ्या माहेरी, चिखलीकडच्या भागात, बीटी बियाण्याचे प्लॉट नवे नवे आले होते. बीटी म्हणजे अळी न लागणारी कपाशी, असं सगळे सांगत. ते बियाणं बोटांनी तयार करावं लागे. दुपारनंतर मादीच्या ओळीत जायचं. उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याचं नख तिच्या कमरेला फिरवायचं आणि पाकळ्यांसकट नराचा भाग अलगद सोलून काढायचा. आत बारीक पांढरी दांडी राहते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या वाफ्यातून फुलं तोडून आणायची, लाल टोप्या शोधत हिंडायचं, टोपी काढून त्या दांडीवर नराचं फूल घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी अर्ध्या एकरात प्लॉट घेतला. बियाण्यावाल्याचा माणूस पाहणी करायला आला तेव्हा त्याने घरातल्या सगळ्यांचे हात पाहिले, पत्रिका पाहावी तसे. आईचे हात त्याला मोठे वाटले. माझी बोटं त्याने उलटसुलट केली आणि म्हणाला, "हे बरे. पण नख वाढव पोरी."

शाळेत दर सोमवारी गुरुजी नखं तपासत आणि वाढलेली दिसली की छडी देत. प्लॉटवर तो माणूस नख तपासे आणि कापलेलं दिसलं की ओरडे. मी चौथी पास झाले होते. पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जायचं होतं, तिथे माझी थोरली बहीण उज्ज्वलाताई नववीत होती. आबा म्हणाले, "दसऱ्यालोकचं काम आहे. दसरा झाला की मनी शाळेत." मनी म्हणजे मी. आबा शब्दाचे पक्के होते. मला वाईट वाटलं नाही. दसरा असा कितीसा लांब असतो.

त्याच पोळ्याला आत्या औरंगाबादहून आली. ती तिथे एका बंगल्यात पोळ्या लाटायची. बंगल्यातल्या मुलाने टाकून दिलेला गेम तिने पदरात बांधून आणला होता. करडी डबी, पाटीच्या पाव भागाएवढी. डावीकडे अधिकाचं चिन्ह, उजवीकडे दोन बटणं, मधे हिरवट काच. दोन पेन्सिल सेल लागत. एक सेल मी भिंतीवरच्या घड्याळातून काढला, दुसरा ताईने रेडिओच्या खोक्यातून शोधला. त्या हंगामात आमच्या घरी नेहमी पावणेतीन वाजलेले असत. आबा घड्याळाकडे पाहत, मग सूर्याकडे पाहत आणि बाहेर जात.

गेम सुरू केला की आपण त्या गावातच उभे असायचो, मनोऱ्यापुढे. बंगल्यातल्या मुलाने खेळ तिथे नेऊन थांबवला असावा. खेळ पुढे जपून कसा ठेवायचा ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून कितीही हिंडलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मनोऱ्यापुढेच. मला वाटे, गेम एवढाच आहे. जग जसं असतं तसं हे गाव. त्याच्या बाहेर काही असेल असं मनात येतही नव्हतं.

त्या गावात मारामारी नव्हती. माणसं होती, आणि प्रत्येकाजवळ एकच वाक्य होतं. दिवेवाल्याजवळ गेलं की वाक्य. विहिरीवरच्या बाईजवळ गेलं की वाक्य. शंभरदा विचारलं तरी तेच. खाली इंग्रजीत उमटायचं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला लागायची, म्हणून मला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. वाचायची ताई. रविवारी ताईची शाळा नसे. सकाळचं क्रॉसिंग आटोपून मी घरी येई, दुपारचं सोलणं सुरू व्हायला दोन तास असत. तेवढ्या वेळात आम्ही ओसरीत डोक्याला डोकं लावून बसायचो. तिच्या केसांना शिकेकाईचा वास यायचा, माझ्या हातांना कपाशीच्या हिरव्या चिकाचा.

"दिवेवाला काय म्हणते ताई?"

"म्हणते, वारा नसला तरी माह्या दिवा हालते."

"अन् विहिरीवरची?"

"म्हणते, पाणी भरतो पण घागर भरत नाही."

अंगावर काटा यायचा. मग आम्ही पुलाकडे जायचो. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी उभी असे. ती वाट अडवून उभी असे, बाजूला होत नसे. तिच्याजवळ गेलं की ती काही विचारायची आणि खाली दोन शब्द उमटायचे, एकाखाली एक.

"ही काय विचारते?"

ताईने पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "विचारते, तुले घंटा व्हायचं काय? वरचा शब्द दाबला तं माणूस घंटा होऊन मनोऱ्यात लटकते, अन् गेमही जळून जाते. मने, नेहमी खालचंच दाब."

मी खालचंच दाबलं. दर वेळी. म्हातारी आणखी एक वाक्य बोलायची. "शहाणी पोरगी, म्हणते," ताई सांगायची. मला ते आवडे. घरी तसं कोणी म्हणत नसे.

आणि तो सूर. डबीतून निघे आणि डोक्यात राही. प्लॉटवर बाया मनात मोजत काम करत, किती कळ्या सोलल्या, किती राहिल्या, त्यामुळे तिथे गाणी नसत. मी मात्र नकळत गुणगुणायची. नख चाले, सूर चाले. एकदा शेजारच्या ओळीतल्या सुमनकाकूने टोपलं खाली ठेवलं.

"काय वं पोरी, मयतीचं गाणं लावलं काय?"

"नाही काकू. गेममधलं आहे."

"मंग त्या गेममधी कोण मेलं?"

"सगळेच मेलेले आहेत."

बाया हसल्या, पण नंतर हसणं थांबलं. त्याच आठवड्यात तीन दिवस झड लागली आणि प्लॉटवर पात्या म्हणजे कळ्या आणि फुलं गळायला लागली. झडीत कपाशीची पातेगळ होतेच. पण दोरे बांधलेली फुलं मातीत पडलेली पाहून बायांचे चेहरे काळवंडले. एकीने म्हटलं, नजर लागली. सुमनकाकूने म्हटलं, "नजर कायची? या पोरीच्या गाण्यानं गळून राह्यली. कपाशीले कान असते बाप्पा." दुसऱ्या दिवशी सगळ्या तेच बोलू लागल्या. आई घरी आली आणि तिने गेम उचलून तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसला. "हंगाम होऊ दे. मंग वाजव तुहं भूत."

रात्रीपासून माझ्या डोक्यात शांतता झाली, आणि मला ती शांतता सहन झाली नाही. ताईला म्हटलं, डब्यातून काढून दे. ती म्हणाली, "बरं झालं डब्यात गेला ते. बंगल्यातल्या पोराले हेच ऐकून ताप भरला होता, आत्या सांगे. हे ज्यानं शेवटपर्यंत ऐकलं ते पोरगं आजारी पडते." मी ऐकलं आणि मानलं. ताई खोटं बोलते हे मला माहीतच नव्हतं.

निंबाखाली समीक्षा मला मोबाइलवरची माहिती वाचून दाखवत होती. ह्या सुराविषयी जगभर अफवा आहेत. तो ऐकून मुलं आजारी पडली अशी एक. ज्याने बनवला त्याला झोप लागेना अशी एक. मनोऱ्यातल्या घंटा मोजल्या तर एक जास्त भरते आणि ती आपली असते अशीही एक. "सगळं खोटं आहे," समीक्षा म्हणाली. "कोणाले काही झालं नाही. तो पाचवा सूर मुद्दाम जरासा चढा ठेवला, म्हणून कानाले कसंतरी वाटते. बस, एवढंच."

मला सुमनकाकू आठवली. म्हणजे इतक्या लांब, समुद्रापलीकडे, शिकलेल्या लोकांनीही तेच केलं होतं. वाईट झालं की गाण्यावर ढकलायचं. मला थोडं बरं वाटलं, आणि मी धीर करून म्हटलं, "समे, त्या माणसांची वाक्यं वाचून दाखव बरं."

तिने वाचली. दिवेवाल्याचं वाक्य ताईने सांगितलं तेच होतं. वारा नसताना दिवा हलतो. विहिरीवरच्या बाईचंही तेच. एकेक वाक्य जुळत गेलं आणि मला ताईचा अभिमान वाटला. नववीतली पोरगी, किती नीट वाचत होती.

"अन् पुलावरची म्हातारी?"

"ती होय? ती फक्त विचारते, पलीकडे जायचं का? खाली हो किंवा नाही. हो दाबलं की ती बाजूला सरकते."

"घंटा होत नाही?"

"कशाची घंटा?"

"अन् नाही दाबलं तर काय म्हणते?"

समीक्षाने वाचलं. "म्हणते, मग राहा. मी इथंच आहे."

समीक्षा पुढे सांगत होती, की हे गाव खेळाच्या अगदी आरंभी लागतं, बहुतेक मुलं त्यातून पाच मिनिटांत निघून जातात. पुलापलीकडे खरा खेळ आहे. तिकडे चौदा गावं आहेत, बंदर आहे, बर्फाचे डोंगर आहेत. "तू कुठपर्यंत गेली होती आई?"

मी म्हटलं, आठवत नाही. आणि निंदायला परत गेले.

त्या दिवशी दुपारी माझे मालक, समीक्षाचे वडील, बोंडं फोडून पाहत होते. आता वर्षावर्षाला तेच काम असतं. हिरवं बोंड घ्यायचं, दाताने किंवा नखाने चिरायचं आणि आत गुलाबी अळी आहे का पाहायचं. वरून बोंड इतकं सुरेख असतं, की आत कोणी बसून खातंय हे खरं वाटत नाही. बीटी आलं तेव्हा गावागावात सांगत फिरले होते, फवारणीचं काम गेलं, अळी गेली. पहिली काही वर्षं गेलीही होती. मालकांनी बोंड माझ्यापुढे धरलं. अळी होती. ते रागावत नाहीत आता. नुसतं बोंड दूर फेकतात आणि दुसरं तोडतात. मी मात्र ते फेकलेलं बोंड पाहत राहिले. हे बियाणं कोणाच्या तरी नखाने झालं असेल, कुठल्या तरी प्लॉटवर, कोणी तरी पोरगी लाल टोप्या घालत हिंडली असेल. आबांनी पहिल्या साली प्लॉटवरची थोडी सरकी लपवून ठेवली होती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच करत, चांगल्या झाडाची सरकी शेणाच्या राखेत घोळून पुढल्या साली पेरायची. पुढल्या साली ती पेरली तर एक झाड कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, कोणाला बोंड आहे, कोणाला नाही. आबा तासात उभे राहून म्हणाले होते, "एका पिढीपुरतंच आहे हे. पोटात काही ठेवत नाही." त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं. पण कोणी फसवलं हे त्यांना नीट सांगता येईना.

दसरा आला तेव्हा काम संपलं होतं. आबांनी आपला शब्द पाळला. सोनं वाटून झाल्यावर त्यांनी ताईला बोलावलं. "उजे, उद्या शाळेत तुह्या बाईले विचार. मनीले आणू काय म्हणावं." त्या रात्री मी नेलकटर मागून आणलं आणि अंगठ्याचं नख कापलं. सोमवारी तपासणी असणार.

दुसऱ्या दिवशी मी वेशीपर्यंत गेले होते. ताई येताना दिसली. तिने रस्त्यात काही सांगितलं नाही. घरी आल्यावर दप्तर खुंटीला अडकवलं, रांजणातलं पाणी प्याली आणि आबांना म्हणाली, "बाई म्हणल्या, आता नाव लागत नाही. पट वरी पाठवला. पुढच्या साली पाहू."

आबा "बरं" म्हणाले. आईने माझ्या केसांवरून हात फिरवला. पुढच्या साली प्लॉट एक एकराचा झाला. त्याच्या पुढच्या साली दोन गावांच्या प्लॉटवर मी जायला लागले, तेव्हा कोणी शाळेचं नाव काढेनासं झालं. मीही काढलं नाही. मला मागून घेता येत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे कान तापतात. मला वाटे, नियम आहे तर आहे, बाईंचा काय दोष.

आणि ताईने मला टाकलं नाही, हेही खरं. ती शाळेतून आली की मला धडे वाचून दाखवायची. तिची जुनी मराठीची पुस्तकं मला मिळाली. आज मी हे लिहिते आहे, समीक्षाच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर, ते लिहिणं ताईच्या पुस्तकांमुळे टिकलं. चौथीतल्या कितीतरी पोरी अक्षर विसरल्या. ताई दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंगला गेली. आता चिखलीच्या एका दवाखान्यात आहे. तिचा पांढरा कोट पाहिला की मला अजून उभं राहावंसं वाटतं. घरात कोणी आजारी पडलं की आधी ताईला फोन. ती सांगेल ती गोळी. गोळीच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, पण ताईने सांगितलं की मी कधी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

त्या रविवारनंतर तीन दिवस मी ताईला फोन केला नाही. मनाशी म्हणायची, पोरखेळ होता, भीती घालायला म्हणाली असेल, मोठी भावंडं घालतातच. पण खुरपं चालवताना मधेच हात थांबायचा. दिवेवाल्याचं वाक्य तिने खरं सांगितलं. विहिरीवरचं खरं सांगितलं. खोटं सांगायची तिला सवय नव्हती. मग एवढं एकच का?

चौथ्या दिवशी दुपारी भाकर खाऊन मी बांधावर बसले आणि फोन लावला.

"काय वं मने, बरं आहे ना? समीचा मागल्या आठवड्यातला ताप?"

"ताप गेला. ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"आत्यानं आणलेला गेम आठवते?"

ताई एकदम हसली. लहानपणीसारखी. "ते भुताचं गाव? अवं किती भेत होती तू! घंटा होशीन म्हणलं तं दोन दिवस तोंड झाकून झोपली."

"ती म्हातारी खरं काय विचारे?"

"जायचं काय पल्याड, असं. मी रोज जाऊन येत होती ना सकाळी. तू प्लॉटवर गेली की डाळीच्या डब्यातून काढो. मने, काय होतं वं पल्याड! बंदर होतं, जहाज होतं. जहाजात बसलं की दुसरं गाणं लागे, लय गोड."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं मले खेळू देलं असतं काय तू? अन् सेल किती पुरे?" ती अजून हसत होती. "लहान होतो वं."

मीही हसले. मग ते हसणं तोंडावर असतानाच मी विचारलं. कसं विचारलं मला कळलं नाही, आयुष्यात मी असं कधी विचारलेलं नाही. "अन् शाळेतल्या बाई, ताई? दसऱ्याच्या वेळी?"

फोनमध्ये कोणी तरी हाक मारली, "सिस्टर, सलाईन संपत आली." ताई "आली" म्हणाली, पण तिच्या पावलांचा आवाज आला नाही.

"कोणत्या बाई?" ती म्हणाली. आणि मग, हळू, "तुले कोणी सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. तिच्या त्या प्रश्नानेच सांगितलं.

मग ताईने सगळं सांगून टाकलं, भरभर, जसं बँडेज एका झटक्यात काढतात. बाई म्हणाल्या होत्या, उद्याच घेऊन ये, मी बसवून घेते. दिवाळीनंतर त्यांनी परत विचारलं होतं, ताई म्हणाली होती, बहीण मामाच्या गावाला गेली. "मी दहावीले जाणार होती मने. पुढच्या साली प्लॉट वाढणार हे आबा बोलत होते. दोघी शाळेत गेलो असतो तं प्लॉटवर कोण? मलेच बसवलं असतं, मोठी म्हणून. तुही बोटं चांगली होती, सगळे म्हणत. मले कळे नाही दुसरं काय करू. मी चौदा वर्षांची होती वं."

मी दहाची होते. हे मी म्हणाले नाही.

समोर कपाशी होती, वारा नव्हता, एक भुंगा एका फुलातून निघून दुसऱ्यात शिरत होता. त्याचं काम आम्ही त्या वर्षी करत होतो आणि आमचं शाळेत जायचं काम कोणीच केलं नाही. मला राग शोधावासा वाटला. ताईवर केला तर ती चौदा वर्षांची दिसे, वेणीला लाल रिबीन, दप्तर खुंटीला अडकवताना पाठमोरी. आबांवर करावा तर त्यांनी शब्द पाळला होता. बाईंनी तर दोनदा विचारलं होतं. कुठे तरी एका शाळेत, एका बाईंच्या मनात माझी जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवलेली होती आणि मी रोज खाली मान घालून लाल टोप्या घालत होते. हे आठवून मला वाईट वाटलं ते शाळा गेली म्हणून कमी. इतकी वर्षं मी ज्याला नियम मानत आले, तो नियम नव्हताच, ती ताई होती, याचं जास्त.

"मने, ऐकून राह्यली ना?"

"हाव."

"रागवली काय?"

मी पदराने तोंड पुसलं. आवाज नीट करून घेतला. ताईचा आवाज जसा असायचा, वाचून दाखवताना, मनापासून, न अडखळणारा, तसा मी माझा केला.

"नाही वं ताई. लहानपणची गोष्ट. मले काही नाही वाटत."

"खरं सांगून राह्यली ना?"

"खरं."

पलीकडे तिने मोठा श्वास सोडला. "मले माहीत होतं मने. तू मनात ठेवणारी नाहीच. चाल, सलाईन संपली असन, ठेवतो." फोन ठेवायच्या आधी मला तिच्या चपलांचा आवाज आला, फरशीवरून लगबगीने जाणारा, हलका. मी सांगितलेलं तिला खरं वाटलं होतं.